कोनाड्यातली बशी

भाड्याची खोली पाहताना मी आधी नळ सोडतो, मग विजेच्या पेटीचं झाकण उघडतो आणि शेवटी भिंतीवर बोटांनी ठोकून पाहतो. नेपाळात, बुटवलच्या तंत्रशाळेत शिकत होतो तेव्हापासूनची ही सवय. पुढे जपानला, फुकुओकात आलो आणि लोकांच्या इमारतींचे पंप, टाक्या, तारा सांभाळण्यातच आयुष्य गेलं, त्यामुळे ती सुटण्याचं कारणही उरलं नाही.

शहरातल्या हाकोझाकी भागातली ती खोली या तिन्ही परीक्षांत उतरली. दुमजली लाकडी इमारत, वरच्या मजल्यावरचं टोकाचं दार, आत सहा तातामींची खोली. लव्हाळ्याच्या त्या जाड चटया एकमेकींना इतक्या नेटक्या भिडल्या होत्या की फटीत नख शिरलं नसतं. पूर्वेच्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक रिकामा कोनाडा होता आणि त्याच्या आतलं लाकूड वरच्या बाजूला धुराने काळं पडलं होतं.

“इथे देव असायचे वाटतं,” मी मालकीणबाईंना म्हणालो.

एतोबाई हसल्या. “देव नव्हे. घरची गेलेली माणसं.”

“आणि आधीचे भाडेकरू?”

“वय झालं होतं त्यांचं,” त्या म्हणाल्या आणि खिडकीतून किती ऊन येतं ते दाखवू लागल्या.

मला समजायचं ते समजलं. खोलीत कोणी एकटं मरून पडलं असेल तर नंतरच्या पहिल्या भाडेकरूला ते सांगायचं, दुसऱ्याला सांगायची गरज नाही, अशी इथल्या घरमालकांची समजूत असते. म्हणून तो पहिला भाडेकरू बहुधा आमच्यातला असतो. जपानी माणूस तिथे राहायला तयार नसतो आणि नेपाळी विद्यार्थ्याला दुसरी खोली द्यायला कोणी तयार नसतं. दोन्ही बाजूंची सोय होते. त्यावर कोणी बोलत नाही.

ज्याच्यासाठी खोली पाहत होतो त्या चिरंजीवीला मी जिन्यातच सांगितलं. “म्हातारा माणूस गेलाय रे या खोलीत.”

“आमच्या घरात कोण गेलं नाही, मीतबा?” तो हसत म्हणाला. “आजोबा, पणजोबा, शिवाय दोन म्हशी. इथे तर बिचाऱ्या म्हातारबाबांमुळे भाडं कमी झालंय. उपकारच म्हणायचे.”

चिरंजीवी भुसाल हा माझ्या मीताचा एकुलता एक मुलगा, म्हणून मी त्याचा मीतबा. आमच्याकडे मैत्रीला मीत लावून पक्कं करतात: देवासमोर एकमेकांना टिळा लावायचा, भेटी द्यायच्या, आणि मग ते नातं रक्ताच्या नात्याइतकंच बांधून घालतं. मीताच्या घरचं सुतक आपल्याला लागतं. मीताचं नाव मात्र तोंडाने घ्यायचं नसतं. लहानपणी गुल्मीच्या डोंगरात, तमघासच्या वरच्या आमच्या गावी, मीत लावल्यापासून आम्ही दोघं एकमेकांना ‘मीतज्यू’ म्हणत आलो. ते गावातच राहिले, कॉफीची झाडं लावली, दम्याने खंगले. मुलगा जपानी शिकायला निघाला तेव्हा फोनवर ते धापा टाकत मला म्हणाले होते, “मीतज्यू, त्याने तिकडे राजा व्हावं असं माझं काही नाही. माझ्या तोंडात शेवटचं पाणी त्याच्या हातचं पडावं. तेवढा सांभाळून माघारी पाठवा.”

मी हो म्हणालो होतो.

पहिले काही महिने सगळं सरळ होतं. सकाळी भाषाशाळा, नंतर डबे भरायच्या कारखान्यात काम, रविवारी आमच्या घरी डाळ-भात. जपानी मात्र त्याला अजिबात येईना. शाळेतल्या किनोशिताबाईंनी नातवाचा फोटो दाखवला, तर ‘कावाई’ म्हणण्याऐवजी हा ‘कोवाई’ म्हणून बसला. बाळ गोंडस आहे म्हणायचं, तर भीतिदायक आहे म्हणाला.

“आणि बाईंनी घरी जाऊ दिलं तुला?” माझी बायको माया त्याच्या ताटात भात वाढत म्हणाली. “तुझे बाबा असते तर कान पिळून लांब केले असते.”

“लांबच आहेत, काकी. दुसरीत असतानाच केलेत.”

मुलगा असा होता. हसरा, बोलका आणि आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. आईने निघताना बजावलं होतं, की बाबू, परमुलखात काहीही खावं लागेल, पण चित्राहुती चुकवू नकोस. व्रतबंध झालेल्या मुलाने जेवणाआधी पानाभोवती पाणी फिरवून बाहेर चार शितं ठेवायची. पण तातामीवर पाणी सांडलं की बुरशी धरते. त्यावर चिरंजीवीने स्वतःच तोड काढली. शितं एका पांढऱ्या बशीत घ्यायची, शेजारी पेलाभर पाणी, आणि पायाखाली येऊ नये म्हणून दोन्ही कोनाड्यात ठेवायचं.

मला ती व्यवस्था पसंत पडली. जपानात घरच्या मृतांना रोज भात आणि पाणी नेमकं असंच, अशाच जागी ठेवतात. परंतु नेम आमचा होता, मंत्र आमचा होता. तेव्हा तो घास आमच्याच देवापितरांना पोहोचतो, असं आम्ही दोघं धरून चाललो.

पावसाळी दमटपणा ओसरल्यावर एका रविवारी तो म्हणाला, “मीतबा, बशीतला भात टाकवत नाही म्हणून मी नंतर तोच खायचो. आता खाववत नाही. चवच नसते त्याला.”

“शिळा होत असेल.”

“शिळ्याला शिळी चव असते ना. याला काहीच नसते.”

मी त्याच्या खोलीवर गेलो. एकाच भांड्यातला भात दोन सारख्या बशांत घेतला, दोन्हींवर सारखं मीठ घातलं. एक ओट्यावर ठेवली, एक कोनाड्यात, आणि दोन्हींवर वाट्या उपड्या घातल्या. चहा पिऊन झाल्यावर दोन्ही चाखल्या. ओट्यावरचा भात भातासारखा होता. कोनाड्यातला जिभेवर ओल्या कागदासारखा लागला. मीठही लागेना. बशा बदलून पाहिल्या, वाट्या बदलून पाहिल्या. उत्तर तेच. लाकूड वास शोषून घेतं हे मला ठाऊक होतं. चव शोषून घेतं असं कुठे वाचलं नव्हतं.

“जाऊ दे,” मी म्हणालो. “बशी ओट्यावर ठेवत जा.”

तो हो म्हणाला, पण त्याने बशी ओट्यावर ठेवली नाही.

शरद ऋतूत किनोशिताबाई मला बाजारात भेटल्या. चिरंजीवीचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला. “चमत्कार आहे! इतकं चांगलं जपानी आमच्या शाळेत आजवर कोणी बोललं नाही.” मग त्या जराशा थांबल्या. “फक्त एक विचारू का? तो शिकतो कोणाकडे? आमच्या पुस्तकात नसलेले शब्द वापरतो. इथली जुनी, हाकाताची बोली. माझे आजोबा असं बोलायचे. मला वर्गात एकदम उठून उभं राहावंसं वाटलं.”

मी सांगितलं, की मुलगा हुशार आहे. घरी येऊन मायाला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “हुशार आहे ते खरं, पण त्याची आई काय म्हणते ते ऐका. फोनवर पुस्तक वाचल्यासारखं बोलतो म्हणे. आधी शब्द शोधतो, मग बोलतो. बाबांशी तर बोलतच नाही.”

पुढच्या रविवारी तो आला आणि जेवायला बसताना त्याने बाह्या वर सारल्या, तेव्हा त्याचं उजवं कोपर मला दिसलं. तिथली कातडी पिवळट, जाड आणि तकतकीत झाली होती. मला घट्ट्यावरून धंदा ओळखता येतो: सुताराचा तळवा वेगळा, लेथवर काम करणाऱ्याचा अंगठा वेगळा. तसा घट्टा एका हंगामात पडत नाही, त्याला वर्षं जावी लागतात. आणि कोपराला घट्टा पडेल असा कुठलाच धंदा मला आठवेना.

“हे काय रे?”

“बाकावर टेकून टेकून झालं असेल,” तो म्हणाला. बोलता बोलता त्याचं कोपर आमच्या सतरंजीच्या काठावर गेलं आणि अंगाचा सगळा भार देऊन तो काठ दाबून बसवू लागला. आपण काय करतोय याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हाकोझाकीला गेलो. चिरंजीवी शाळेतून परतला नव्हता. शेजारच्या मात्सुओ आजी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मी नमस्कार केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, “आधी या खोलीत कोण राहायचं हो?”

“तोकुनागासान. एइकिची तोकुनागा. तातामीवाले.” त्यांनी एक टॉवेल झटकला. “पूर्वी सगळं हाताने शिवायचे ना. दोरा ओढायचा आणि कोपराने दाबायचा, दोरा ओढायचा आणि कोपराने दाबायचा. भारी माणूस. गेले तेव्हा कोणाला कळलंसुद्धा नाही. वास आला तेव्हा कळलं.”

“घरचं कोणी नव्हतं?”

“एक मुलगा. ओसाकाला शिकायला म्हणून गेला तो गेलाच. म्हातारा रोज त्याचं पान वाढून ठेवायचा आणि सकाळी टाकून द्यायचा. आम्हालाच बघवायचं नाही.” मग त्या माझ्याकडे वळून हसल्या. “पण आला हो शेवटी. फार गुणी आहे. भिंत पातळ आहे ना, सगळं ऐकू येतं मला. दारातून आत आला की ‘आलो हं’ म्हणतो. आजकालची मुलं म्हणतात का असं?”

“आजी, तो तोकुनागासानांचा मुलगा नव्हे. माझ्या मीताचा मुलगा आहे. नेपाळचा.”

“असं होय?” त्या चिमटा हातात धरून क्षणभर विचारात पडल्या. “पण ‘आलास का’ म्हणून उत्तर येतं ते तर आपल्या हाकाताच्या बोलीत येतं.”

मी त्याच दिवशी त्याला आमच्या घरी आणलं. चिरंजीवी निमूट आला. मायाने त्याच्या आवडीचं केलं होतं, गुंद्रुकाचा, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचा, आंबट रस्सा आणि भाजलेले सोयाबीन. तो ताटासमोर बसला आणि बसूनच राहिला.

“खा ना रे,” माया म्हणाली. “नजर लावतोस का भाताला?”

“त्यांना वाढल्याशिवाय कसं खाऊ, काकी?”

“कोणाला?”

त्याने बळेच एक घास घेतला, चावला आणि गिळला. “मीठ विसरलात का?” त्याने विचारलं. माया माझ्याकडे बघत राहिली. मीठ बरोबर होतं.

मी आवाज चढवला. “तुझे बाबा तिकडे अंथरुणाला खिळलेत. त्यांना फोन करायला तुला वेळ नाही, आणि एका अनोळखी म्हाताऱ्याचं पान वाढतोस? काय लागतो तो तुझा?”

“मीतबा,” तो शांतपणे म्हणाला, “मी लहान असताना तुम्हीच सांगितलंत ना, की जो पाणी देतो तो मुलगा.”

मी ते सांगितलं होतं. गावात सगळेच सांगतात.

तो काहीही न खाता आमच्याकडे राहिला. त्याला ताप चढला. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मायाच्या डोळ्यांतलं पाणी पाहून अखेर मीच त्याला परत सोडून आलो. दार उघडताच तो आत ओणवा होऊन म्हणाला, “आलो हं.” मी जिन्यात उभा होतो. मला काही ऐकू आलं नाही. पण त्याने ऐकलं असावं, कारण त्याचा चेहरा सैल झाला आणि तो खुदकन हसला.

थंडी सुरू झाल्यावर माझे मीत गेले.

बातमी सकाळी आली. इथून निघून डोंगरातल्या त्या गावी पोहोचेपर्यंत प्रेत ठेवणं शक्य नव्हतं. चुलतभावाने अग्नी दिला. पण पाणी आणि पिंड मुलाचेच हवेत, आणि ते मुलगा जिथे असेल तिथून देता येतात, असं गावच्या पंडितजींनी सांगितलं. मी तीळ, जवाचं पीठ आणि पांढरा कपडा घेऊन हाकोझाकीला गेलो. चिरंजीवीने काही विचारलं नाही. मी यंत्राने त्याचं डोकं भादरलं, तेव्हा त्याने मान पुढे केली. घरातलं कोणी गेलंय एवढं त्याला उमगलंय, असं मला वाटलं.

आम्ही तातारा नदीच्या काठावर उतरलो. भरती होती. ऊन स्वच्छ होतं. पलीकडच्या पुलावरून गाड्या जात होत्या. कुश इथे मिळत नाही म्हणून मी काठावरचंच गवत उपटून त्याच्या बोटात अडकवलं आणि फोन समोरच्या दगडाला टेकवून उभा केला. पडद्यावर पंडितजी होते. त्यांच्या मागे, ओसरीच्या खांबाला टेकून, वहिनी, म्हणजे चिरंजीवीची आई, बसल्या होत्या.

“बाबू, दर्भ घातलास ना? पाणी हातात घे. दक्षिणेकडे तोंड कर.”

त्याने सगळं बरोबर केलं.

“गोत्र सांग.”

त्याने गोत्र सांगितलं. तेही बरोबर होतं. वहिनींनी पदराने डोळे टिपले.

“आता वडिलांचं नाव घे.”

“एइकिची तोकुनागा,” चिरंजीवी म्हणाला.

पाण्याचा आवाज येत राहिला.

“आवाज तुटतोय, बाबू,” पंडितजी म्हणाले. “पुन्हा एकदा. वडिलांचं नाव.”

“एइकिची तोकुनागा.”

वहिनींनी मान वर केली.

माझ्या लक्षात आलं, की आता ते नाव मलाच घ्यावं लागणार. लहानपणी टिळा लावल्यापासून मी ते कधी उच्चारलं नव्हतं. ओठ वळेनात.

“डिल्लीराम,” मी म्हणालो. “डिल्लीराम भुसाल. म्हण, चिरंजीवी. डिल्लीराम.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती, नम्र होती. ओंजळीतलं पाणी त्याने वाळूत सोडून दिलं.

“ते तर तुमचे मीत ना?” तो जपानीत म्हणाला. “गेले का? फार वाईट झालं.”

आणि परक्या घरच्या दुःखात इथली माणसं वाकतात तसा, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, तो माझ्यासमोर वाकला.

वहिनींना जपानी येत नव्हतं. वाकणं मात्र दिसलं. त्या पडद्याकडे जराशा पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, “मीतज्यू, त्याला काही खायला घाला. उपाशी असेल.”

पाणी मी दिलं. पिंडही मीच ठेवले. सुतक मी पाळलं, अळणी खाल्लं, पांढरं नेसलो. एवढं करायचा मीताला अधिकार आहे, असं पंडितजी म्हणाले. एवढं पुरतं, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

चिरंजीवी भाषेच्या परीक्षेत पहिला आला. एका कंपनीने कचेरीतली जागा देऊ केली होती, ती नाकारून तो शहरातल्या एका जुन्या तातामीच्या दुकानात कामाला लागला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी त्याला उचलून धरलं. आपली मुलं करत नाहीत ते परदेशातून आलेला पोरगा करतो, म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. एतोबाई एकदा रस्त्यात भेटल्या. “छान भाडेकरू दिलात हो,” त्या म्हणाल्या. “आता तो गेला तरी पुढच्याला काही सांगायला नको.” मग हसून पुढे म्हणाल्या, “पण जाईलसं दिसत नाही.”

वहिनी दर महिन्याला पुडकं पाठवतात. गुंद्रुक, मसाला, कधी घरची कॉफी. मुलगा फोन उचलत नाही, म्हणून ते माझ्या पत्त्यावर येतं आणि मी पोचवतो. परवाही गेलो. टळटळीत दुपार होती.

“या, पौडेलसान,” त्याने दार उघडलं. मीतबा म्हणणं त्याने कधीच सोडलं आहे, आता इथल्या रीतीने माझ्या आडनावाला ‘सान’ जोडून हाक मारतो. पाठीत तो थोडा वाकला आहे. “बसा. चहा ठेवतो.”

तो आत वळला आणि माझं लक्ष कोनाड्याकडे गेलं. तिथे दोन बशा होत्या. एकीत भाताची चार शितं, नेहमीसारखी. दुसरीत पुरतं जेवण वाढलेलं होतं: भात, डाळ आणि मागच्या पुडक्यातलं गुंद्रुक.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उशिरा का होईना, त्याने बापाचं पान वाढलं. घरी गेल्यावर वहिनींना सांगायचं वाक्यही मी मनात जुळवलं.

“ही दुसरी बशी कोणाची रे?” मी विचारलं.

“मुलाची,” तो आतून म्हणाला. चहाच्या भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. “फार दूर शिकायला गेलाय. त्याला हेच जेवण लागतं.”

मी तिथेच उभा राहिलो. गुंद्रुकाचा आंबूस वास खरं तर दार उघडताच यायला हवा होता, जिन्यापर्यंत यायला हवा होता. सवयीने माझा हात पुढे झाला. त्या दुसऱ्या बशीतलं चिमूटभर गुंद्रुक मी जिभेवर ठेवलं.

ओला कागद.